बोट तुटते कामगाराचे, खर्च कोणाच्या वहीत?

चाकण, महाळुंगे, तळवडे, भोसरी या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांना एक दृश्य नवे नाही. हाताला बँडेज, गळ्यात अडकवलेली पट्टी आणि दुसऱ्या हातात कागदांची पिशवी घेऊन एखादा तरुण विहाराच्या पायरीवर बसलेला असतो. विचारले तर सांगतो, "प्रेसमध्ये हात गेला." पुढचा प्रश्न आपण सगळेच विचारतो, "खर्च किती आला?" तो पिशवीतून बिल काढतो आणि शेवटचा आकडा दाखवतो.

तो आकडा म्हणजे खर्च, असे आपण धरून चालतो. आमच्या मते इथेच आपली फसगत होते. बिलावरचा आकडा ही रुग्णालयाने मागितलेली रक्कम असते. त्या दुखापतीचा खरा खर्च किती, तो कोणी केला आणि कोणी टाळला, हे बिल सांगत नाही. उपचारांचा खर्च कसा मोजायचा याचे एक शास्त्र आहे. सरकार त्याच शास्त्राच्या आधारे योजनांचे दर ठरवते. मग ते शास्त्र आपल्या वस्तीतल्या माणसालाही कळले पाहिजे. कारण कोणाच्या बाजूने मोजले यावर उत्तर बदलते, आणि ज्याची बाजू मोजली जात नाही त्याच्या अंगावर खर्च पडतो.

दर वेगळा, खर्च वेगळा

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांच्या दरांबाबत केंद्र सरकारला खडसावले. त्या प्रकरणात अर्जदारांनी दिलेले उदाहरण सगळीकडे छापून आले होते. मोतीबिंदूच्या एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला सरकारी रुग्णालयात सुमारे १० हजार रुपये लागतात, तर खासगीत ३० हजारांपासून १ लाख ४० हजारांपर्यंत. शस्त्रक्रिया एकच, मग फरक कसला? हा फरक दरातला आहे. दर हा बाजार, जागा, नफा आणि रुग्णाची गरज पाहून ठरतो. ते काम करायला डॉक्टरांचा किती वेळ, किती औषधे, किती साहित्य, किती जागा लागली याची बेरीज म्हणजे खर्च.

कोविडच्या काळात आपण हा धडा स्वतः घेतला आहे. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. वाटले की बिल आवाक्यात आले. पण पीपीई किट, महागडी औषधे, मोठ्या तपासण्या या दराबाहेर ठेवल्या होत्या, आणि बिले तिथेच फुगली. म्हणून कोणताही आकडा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की यात काय धरले आहे आणि काय बाहेर ठेवले आहे.

मोजण्याचे दोन मार्ग

रुग्णालयातला खर्च मोजायचे मुख्य दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वरून खाली येतो. रुग्णालयाचा वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा आणि त्याला वर्षभरात रुग्णांनी खाटांवर काढलेल्या दिवसांनी भागायचे. समजा, एका रुग्णालयाच्या वॉर्डांचा वर्षाचा खर्च २० कोटी रुपये आहे आणि रुग्णांनी मिळून १ लाख दिवस खाटांवर काढले. मग एका खाटेचा एका दिवसाचा खर्च झाला २ हजार रुपये. हिशेब सोपा आहे, ताळेबंद हाती असला की एका दुपारी होतो. पण त्यात एक मोठी खोट आहे. तापाने सहा दिवस झोपलेला रुग्ण आणि चेंगरलेला हात घेऊन सहा दिवस झोपलेला रुग्ण, दोघांचाही खर्च १२ हजारच निघतो.

दुसरा मार्ग खालून वर जातो. रुग्णाच्या मागोमाग जायचे आणि प्रत्येक गोष्ट लिहायची. शस्त्रक्रियागृहात तीन तास गेले, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांचा तेवढा वेळ गेला. हाडे जुळवायला तारा लागल्या, टाके, अँटिबायोटिक, रोजचे ड्रेसिंग, नंतरची फिजिओथेरपी. शिवाय क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रियेचे टेबल, इमारत यांचा त्या रुग्णाच्या वाट्याला येणारा हिस्सा. एखादे यंत्र दहा वर्षे चालणार असेल तर त्याची किंमत पहिल्याच रुग्णाच्या माथी मारता येत नाही, ती दहा वर्षांवर वाटावी लागते. या मार्गाने त्याच हाताचा खर्च समजा ३५ हजार निघाला. मेहनत जास्त, पण उत्तर खरे.

व्यवहारात दोन्ही मार्ग एकत्र वापरतात. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या पॅकेजच्या दरांवर खूप टीका झाली. नंतर चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या पुढाकाराने अनेक राज्यांतील रुग्णालयांत खर्चाचा अभ्यास झाला आणि त्यातील पुराव्यांचा पॅकेजचे दर सुधारताना उपयोग केला गेला. वरून खाली आणि खालून वर अशा मिश्र पद्धतीने तो अभ्यास केला होता. हे काम महत्त्वाचे आहे. दर फार कमी ठेवला तर रुग्णालय गरिबाला दारातून परत पाठवते, फार जास्त ठेवला तर सरकारी पैसा उधळला जातो.

पण हे दोन्ही मार्ग रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबतात. फाटकाबाहेर काय होते?

घराची वही

एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत, कोणीही आपल्या घराचे आकडे घालून पाहावेत.

कामगाराचे वय २५, पगार महिना १५ हजार. काम एका व्हेंडरच्या प्रेस शॉपमध्ये, नेमणूक ठेकेदारामार्फत. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. रुग्णालयात सहा दिवस, कामावर तीन महिने खाडा.

तीन महिन्यांचा बुडालेला पगार ४५ हजार. सोबत राहायला आलेल्या वडिलांची पंधरा दिवसांची मजुरी, रोज ५०० प्रमाणे साडेसात हजार. ड्रेसिंगसाठी चाकणहून पिंपरीला बारा खेपा, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २,४००. बाहेरून आणलेली औषधे ६ हजार. घरभाडे आणि जेवण थांबत नाही, म्हणून महिना तीन टक्क्यांनी ३० हजार उसने घेतले, त्याचे वर्षाचे व्याज १०,८००. बेरीज करा, ७१,७०० रुपये. म्हणजे उपचार सरकारी रुग्णालयात पूर्ण फुकट झाले तरी घराचा खर्च रुग्णालयाच्या ३५ हजारांच्या दुपटीहून जास्त आहे.

आता ही बेरीज सरकारी आकड्यांशेजारी ठेवून पाहा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घसरण चांगलीच आहे. पण या लेख्यांत बुडालेली मजुरी धरलेली नसते. आपल्या उदाहरणातील ७१,७०० पैकी ५२,५०० रुपये ही केवळ मजुरी आहे, मुलाची आणि बापाची. एवढी रक्कम त्या हिशेबात कुठेच दिसणार नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने ही चूक सुधारली आहे. तिथे रुग्णाला औषध, प्रवास, आहार आणि बुडालेले उत्पन्न असे सगळे विचारले जाते. हा एकूण खर्च कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या वर गेला तर तो घर मोडणारा खर्च समजतात. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन लाख धरले तर ७१,७०० हा सुमारे ३६ टक्के होतो. क्षयरोगाला जी मोजपट्टी लावतात ती कारखान्यातल्या दुखापतीला का लावत नाहीत?

ईएसआय असेल तर, आणि नसेल तर

कामगार राज्य विमा, म्हणजे आपल्या बोलीत ईएसआय, याच खर्चासाठी आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून बदललेली नाही. वर्गणी जुलै २०१९ पासून मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. पंधरा हजारांच्या पगारावर मालकाचा हिस्सा महिना ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचा ११२ रुपये ५० पैसे होतो.

कामावर दुखापत झाली तर उपचार मिळतात आणि बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. दुखापतीच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. आपल्या उदाहरणात ४५ हजारांपैकी ४०,५०० परत आले असते आणि घरावरचा भार ७१,७०० वरून ३१,२०० वर आला असता. उसनवारी टळली असती तर आणखी कमी.

नोंदणी नसेल तर? ठेकेदाराचे महिना ४८७ रुपये वाचतात. रुग्ण वायसीएममध्ये जातो किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथला खर्च महापालिकेच्या किंवा राज्याच्या तिजोरीतून होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय त्या विभागाच्या संस्थांपुरता होता, महापालिकेच्या रुग्णालयांचा कारभार वेगळा चालतो. त्यामुळे एकाच पट्ट्यातल्या दोन कामगारांना, एक नाणेकरवाडीचा आणि एक मोशीचा, वेगवेगळे नियम लागू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तीही मदत करते. पण तिचे पॅकेज रुग्णालयाला पैसे देते, बुडालेला पगार देत नाही.

इथे एक बारीक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ठेकेदाराने वर्गणी चुकवली म्हणून समाजाचा खर्च एका पैशानेही कमी होत नाही. तो फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत सरकतो. मालकाच्या वहीतून निघून महापालिकेच्या वहीत आणि तिथून उरलेला घराच्या वहीत. मालकाच्या नफ्यात जी बचत दिसते ती प्रत्यक्षात करदात्याने आणि कामगाराच्या बायकोने भरलेली रक्कम आहे.

ही तक्रार आम्ही हवेत करत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांवर सेफ इन इंडिया ही संस्था 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते. हरियाणाच्या गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यापासून सुरू झालेल्या या कामात पुढे पुणे परिसरही आला. पॉवर प्रेसवर बोटे जाणे हा त्यातला मुख्य विषय आहे, आणि अनेकांना ईएसआयचे कार्ड अपघातानंतरच मिळाले हेही त्यांनी वारंवार नोंदवले आहे. अपघात झाल्यावर घाईने नोंदणी होते, याचा अर्थ आधी ती टाळलेली असते.

मजुरीने माणूस मोजला की काय होते

आता या शास्त्रातल्या सर्वांत नाजूक भागाकडे येऊ. गेलेल्या बोटाचा पुढच्या तीस वर्षांचा खर्च कसा मोजायचा?

एक पद्धत आहे मानवी भांडवलाची. माणसाचे उत्पन्न जेवढे बुडाले तेवढा खर्च. समजा, त्या तरुणाला आता हेल्परचेच काम मिळते आणि महिना ३ हजार कमी मिळतात. वर्षाला ३६ हजार, तीस वर्षांत १० लाख ८० हजार. उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका धरत नाहीत, भारतात असे हिशेब करताना सहसा वर्षाला ३ टक्के घट धरतात. त्या घटीने आजच्या किमतीत हा तोटा सुमारे ७ लाख ५ हजार होतो.

कायदाही बोटाची किंमत ठरवतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असे धरले आहे, मधले बोट १२ टक्के, एका हाताची दोन बोटे २० टक्के, अंगठा ३० टक्के. आपल्या पंचवीस वर्षांच्या कामगाराची भरपाई अशी निघते: १५ हजारांचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले वयाचा गुणांक २१६.९१, आणि त्याचे २० टक्के. उत्तर ३,९०,४३८ रुपये. म्हणजे आपल्या उदाहरणात प्रत्यक्ष तोट्याच्या निम्म्याहून थोडे अधिक, तेही भांडून मिळाले तर. ईएसआयमध्ये असता तर त्याच २० टक्क्यांच्या हिशेबाने महिना सुमारे २,७०० रुपये आयुष्यभर मिळाले असते.

पण पद्धतीतला दोष पाहा. तेच बोट महिना दीड लाख पगाराच्या अधिकाऱ्याचे गेले असते तर मानवी भांडवलाच्या हिशेबात त्याची किंमत दसपट झाली असती. आणि घरी बिनपगारी काम करणाऱ्या आईचे गेले असते तर शून्य. सोबत म्हणून रुग्णालयात पंधरा दिवस बसलेल्या बायकोचा वेळही शून्यच, कारण तिला पगार नव्हता. मजुरी हे माप धरले की मजुरी ठरवणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या मापात शिरतात. आपल्या समाजाची मजुरी बाजाराने एकट्याने ठरवलेली नाही. शिक्षण नाकारले, जमीन नाकारली, सफाईचे आणि ओझ्याचे काम जातीने वाट्याला दिले, त्यातून ती पाडली गेली. त्या पाडलेल्या मजुरीने उपचाराचा आणि इजेचा खर्च मोजला तर जात शांतपणे गणितात येऊन बसते, आणि कागदावर कुठेच दिसत नाही.

दुसरी पद्धत नेदरलँड्सच्या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात मांडली. तिला फ्रिक्शन कॉस्ट म्हणतात. तिचे म्हणणे असे की, आजारी कामगाराच्या जागी दुसरा माणूस येऊन काम सुरळीत होईपर्यंत जो काळ जातो तेवढाच उत्पादनाचा तोटा. जिथे माणूस मिळायला महिने लागतात तिथे तो काळ मोठा असतो. आपल्याकडे? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेली पोरे गेटवर उभी असतात. सकाळी बोट गेले तर दुपारच्या शिफ्टला त्या मशीनवर दुसरा हात असतो. या पद्धतीने त्या बोटाची किंमत एका पाळीपुरती भरते.

हा हिशेब उद्योगाच्या बाजूने अचूक आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. सेन्सर का बसवत नाहीत याचे उत्तर त्यातच आहे.

सेन्सर महाग की बोट महाग?

दुखापतीवरचा सर्वांत चांगला उपचार म्हणजे ती होऊ न देणे. त्याचाही खर्च याच पद्धतीने मोजता येतो. समजा, एका प्रेसला सुरक्षाजाळी आणि हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर बसवायला १ लाख रुपये लागतात आणि ते दहा वर्षे टिकतात. वर्षांवर वाटून, ३ टक्के धरून, वर्षाला सुमारे ११,७०० रुपये. देखभालीचे ५ हजार मिळवा. वर्षाला १६,७००.

समोर अपघाताचा खर्च ठेवा. रुग्णालयाचे ३५ हजार, व्याज वगळून घराचे ६०,९००, भविष्यातील ७ लाख ५ हजार. व्याज वगळले, कारण ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाते, समाजाच्या वहीत तो खर्च धरत नाहीत. बेरीज सुमारे ८ लाख. म्हणजे त्या मशीनवर चाळीस वर्षांत एक अपघात जरी टळला तरी सेन्सर स्वस्त पडतो. वेदना, अपंगत्व, लग्नाचे मोडलेले बोलणे, यातले काहीही आम्ही मोजलेले नाही.

पण मालकाच्या वहीत सेन्सरचे १६,७०० दिसतात आणि ८ लाख दिसत नाहीत. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २१ ने धोकादायक यंत्रांना संरक्षक कठडे सक्तीचे केले होते. कायदा असूनही बोटे जात राहिली, कारण कायदा मोडण्याचा खर्च पाळण्याच्या खर्चापेक्षा कमी राहिला. आणि बोटांवरच थांबत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक महिला कामगार होत्या. सुरक्षेवर न केलेला खर्च शेवटी कोण भरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण या शहराला नको.

बाबासाहेबांचा प्रश्न

खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा उद्योगांवर बोजा पडेल असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडणी केली ती अशी की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरे तर सरकारने घ्यावा. आणि तोपर्यंत, जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्याने तो उचलणे योग्य आहे. बोजा किती, एवढ्यावर न थांबता लाभ कोणाला आणि भार कोणावर हे त्यांनी विचारले. आरोग्याच्या अर्थशास्त्रात आज ज्याला 'कोणाच्या दृष्टीने मोजायचे' म्हणतात तो हाच प्रश्न आहे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले, आणि त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये योजना सुरू झाली. खर्च आधी मोजायचा, तो वर्गणीतून सर्वांवर वाटायचा आणि आजारी माणसाच्या एकट्याच्या खांद्यावर पडू द्यायचा नाही, हा त्या योजनेचा पाया आहे. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्याच्या आसपासच आज हा सगळा औद्योगिक पट्टा पसरला आहे. त्या पट्ट्यात त्या कायद्याची वर्गणी चुकवली जाते आणि आपण गप्प बसतो, हे आपल्याला शोभणारे नाही.

काय मागायचे, काय करायचे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. भरपाईचा आणि ईएसआयचा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक आहे. संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ती चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. पण नियुक्तीपत्राचा आग्रह आजच धरता येतो, कारण नोंदणी नाकारणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध तोच पहिला पुरावा आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, वायसीएमसह महापालिकेच्या रुग्णालयांनी कामावरच्या दुखापतीचा प्रत्येक रुग्ण वेगळा नोंदवावा, त्याची ईएसआय नोंदणी होती की नव्हती हे लिहावे, आणि अशा उपचारांवर किती खर्च झाला ते दरवर्षी जाहीर करावे. म्हणजे ठेकेदारांनी चुकवलेला किती पैसा शहराने भरला ते कळेल. दुसरी, क्षयरोगासारखी घरखर्चाची पाहणी दुखापत झालेल्या कामगारांसाठी व्हावी, आणि तीत घरच्या बाईच्या वेळालाही निदान किमान वेतनाचा दर लावावा. तिसरी, ज्या कारखान्यांत बोटे जातात त्यांची यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने लोकांसमोर ठेवावी.

आणि आपण? प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. वस्तीतल्या कोणाला कामावर इजा झाली की तारीख, कारखाना, ठेकेदार, ईएसआय क्रमांक, अपघाताचा अहवाल गेला की नाही, खाडा किती, प्रवास किती, उसने किती, सोबतीला कोण आणि किती दिवस, एवढे लिहायचे. बिलांच्या झेरॉक्स जोडायच्या. दहावी-बारावीची मुले हे काम सहज करतील. वर्षाच्या शेवटी बेरीज करून ती वही महापालिकेत, कामगार आयुक्तालयात, ईएसआयच्या कार्यालयात नेऊन ठेवायची. अधिकाऱ्यासमोर "फार त्रास होतो हो" असे म्हणणे आणि "या वस्तीने वर्षात एवढ्या लाखांचा भार उचलला, हा घ्या हिशेब" असे म्हणणे यात फरक आहे.

मालकाने आपली वही नीट ठेवली आहे. रुग्णालयाची वही आहे, सरकारची आहे. फक्त आपल्या घराची वही कोणी लिहिलेली नाही. ती आपणच लिहायची आहे. पुढच्या रविवारी वंदना झाली की ते काम सुरू करू.